निःशब्द पेटीचा जमाखर्च

संशयी : घरच्या संगणकातून पंखा हद्दपार करण्याचे हे जे सोवळे तुम्ही मंडळींनी आरंभिले आहे, त्याचे प्रयोजन मला अद्याप उमगलेले नाही. प्रोसेसरमध्ये जी वीज शिरते ती अखेरीस जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. हा निसर्गाचा शिरस्ता आहे आणि तेथे कोणाची शिफारस चालत नाही. पंखा त्या उष्णतेला दाराबाहेर पोहोचवितो. तो काढून टाकल्याने उष्णता उत्पन्न व्हावयाची थांबत नाही, ती नुसती रेंगाळते. आणि हे सारे कशासाठी, तर खोलीत शांतता नांदावी म्हणून! आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत डोक्यावर छताचा पंखा अखंड घरघरत असतो, खालून रिक्षा जातात, शेजारी मिक्सर फिरतो, कुकरच्या शिट्ट्या होतात; या कोलाहलात मेजाखालच्या पेटीतला चार बोटांचा पंखा बंद पाडून तुम्ही कोणती समाधी साधणार आहात?

छांदिष्ट : शांततेचा मुद्दा तुम्हीच पुढे केलात म्हणून त्याला उत्तर देतो, माझ्या छंदाचा पाया तो नव्हे, एवढे मात्र आरंभीच नमूद करून ठेवा. छताच्या पंख्याचा आवाज एकसुरी असतो आणि कान त्याला घटकाभरात सरावतो. संगणकाचा लहान पंखा कामाच्या चढउताराबरोबर आपली पट्टी बदलीत राहतो, आणि कान बदलानेच जागा होतो. पण तो विषय सोडा. मी बोलतो आहे ते रात्रंदिवस चालू राहावयाच्या पेटीविषयी, जिच्यात घरातली छायाचित्रे, सातबाराचे उतारे, वैद्यकीय तपासण्यांचे कागद, आजोबांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे राहावीत आणि घरातल्या कोणालाही कोणत्याही वेळी ती काढून पाहता यावीत. वर्षाचे तास ८,७६०. जुन्या धाटणीचा मेजावरचा संगणक स्वस्थ बसलेला असतानाही ६० वॅट ओढीत असला, तर वर्षाकाठी ५२५ युनिटे खर्ची पडतात. १० वॅटची पेटी तेच काम ८८ युनिटांत उरकते. युनिटाला दहा रुपये धरले तर फरक चार हजारांच्या वर जातो. शिवाय आमच्या गावी वीज जाते. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांची, म्हणजे कागदोपत्री १,८०० वॅट-तासांची. तिच्यातली निम्मीच खर्चावयाची असा नेम ठेवला आणि मधली गळती हिशेबात धरली नाही, तर ही पेटी तीन दिवसांहून अधिक तग धरते, आणि तो ६० वॅटचा संगणक पंधरा तासांत डोळे मिटतो.

संशयी : हिशेब सुबक आहे, पण ज्या दप्तरातून तो काढला त्यातली खर्चाची अर्धी पाने गहाळ दिसतात. पेटी आकाशातून पडत नाही. तिच्यातले सिलिकॉन शुद्ध करावयाचे, तांबे आणि ॲल्युमिनियम खाणीतून काढून वितळवावयाचे, ते सारे समुद्रापलीकडून आणावयाचे, या घडणावळीला जी ऊर्जा लागते ती तुमच्या घरच्या मीटरावर कधीच उमटत नाही. जो संगणक वापरात वीज कमी खातो, त्याच्या आयुष्यभराच्या खर्चात घडणावळीचा वाटा तेवढ्याच मानाने मोठा होतो, हे साधे अंकगणित आहे. धडधाकट जुना संगणक माळ्यावर टाकून वीज वाचविण्यासाठी नवा विकत घेणारा मनुष्य वाचवितो किती आणि उधळतो किती, हे कोणी रुजू करून पाहिले आहे काय? विजेचीच कळकळ असेल तर छताचा ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा नव्या पद्धतीचा बसवा. रोज बारा तास फिरला तर वर्षाला दोनशेच्या आसपास युनिटे वाचतील, आणि त्यासाठी संगणकशास्त्राचे पुराण कोणाला ऐकवावे लागणार नाही. आणखी एक गंमत तुमच्या लक्षात आली असेलच: पंखा गेला म्हणजे मदरबोर्डावरच्या वेटोळ्यांची ती बारीक, दातावर दात घासल्यासारखी किणकिण ऐकू येऊ लागते, जी त्याच्या घरघरीखाली इतके दिवस झाकून गेलेली होती.

छांदिष्ट : किणकिण खरी आहे. तिला उपाय चांगल्या प्रतीचा मदरबोर्ड निवडणे हाच, आणि तो निवडण्यापूर्वी कळत नाही, हेही खरे. घडणावळीच्या आक्षेपाला मात्र माझ्यापाशी उत्तर आहे. मी नवी पेटी घ्याच असे म्हणत नाही. कचेऱ्या मुदत भरली म्हणून जे थिन क्लायंट नावाचे छोटे संगणक काढून टाकतात, ते बहुधा पंख्याविनाच घडविलेले असतात आणि जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळतात. अशा टाकून दिलेल्या यंत्राला आणखी पाचसात वर्षांचे आयुष्य देणे यात उधळपट्टी कोठे आहे? पण माझा मुख्य मुद्दा निराळाच आहे, आणि तो सांगण्यासाठी १९८५ सालच्या केंब्रिजला जावे लागेल. एकॉर्न नावाच्या एका लहानशा कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आपला पहिला प्रोसेसर घडविला, ज्याच्या वंशजांवर आज बहुतेक सगळे मोबाइल चालतात. त्यांना वीज वाचवावयाची होती असे समजू नका. त्यांना चिपेचे आवरण स्वस्त प्लास्टिकचे हवे होते, कारण चिनी मातीचे आवरण परवडणारे नव्हते. आणि प्लास्टिक टिकावयाचे तर चिपेची उष्णता एका वॅटच्या आत राहिली पाहिजे, एवढी एकच अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली. अंदाज बांधण्याची साधने तुटपुंजी होती, म्हणून प्रत्येक ठिकाणी हात राखून काम केले. चिप तयार होऊन आली, चालू लागली, आणि वीज मोजणारा काटा शून्यावरच! पाहतात तो विद्युत्पुरवठ्याची तार जोडलेलीच नव्हती. शेजारच्या चिपांकडून येणाऱ्या संकेतांतून जी वीज झिरपत होती तेवढ्यावरच तिचा संसार चालला होता. मर्यादा आधी ठरली आणि यंत्र तिच्या आत मागाहून घडले. माझ्या छंदाचे मर्म हे एवढेच आहे.

संशयी : गोष्ट गोड आहे. आता मी दोन कडू सांगतो. १९८० साली ॲपल कंपनीने ‘ॲपल थ्री’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात पंखा असू नये हा स्टीव्ह जॉब्झ यांचा हट्ट. ओतीव ॲल्युमिनियमच्या जाड बैठकीने उष्णता वाहून न्यावी अशी तजवीज होती. येथेही मर्यादा आधीच ठरलेली होती, नाही का? यंत्रे तापली, चिपा खोबणीतून सैल झाल्या, आणि यंत्र दोनतीन इंच उचलून मेजावर टाका म्हणजे त्या पुन्हा नीट बसतील, असा सल्ला गिऱ्हाइकांना देण्यापर्यंत मजल गेली. दोष एकट्या पंख्याच्या अभावाचा की आतल्या दाटीवाटीचाही, यावर त्या काळचे कारागीर अजून वाद घालतात. गिऱ्हाइकाला त्या वादाचे सोयरसुतक नव्हते. त्याच कंपनीने २००० साली आठ इंची घनाकार संगणक काढला, ज्याच्या मधल्या उभ्या पोकळीतून तापलेली हवा आपोआप वर निघून जाई. दिसावयास अप्रतिम. वर्षभरात उत्पादन थांबले. त्याचा अंत उष्णतेने केला नाही, किमतीने केला, हे मला ठाऊक आहे. परंतु पंख्यावाचूनचे सौंदर्य महाग पडते हाच तर माझा मुद्दा आहे. एकॉर्नच्या मंडळींनी मर्यादा दारिद्र्यातून स्वीकारली, जॉब्झ यांनी अभिरुचीतून. तुमची कोणत्या जातीची?

छांदिष्ट : प्रश्न बोचरा आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर थोडी थोडी दोन्हींची. पण अभिरुचीतून घातलेली मर्यादाही हिशेबाने पाळता येते, आणि तो हिशेब जॉब्झ यांच्या काळी जितका बिकट होता तितका आता राहिलेला नाही. चिपेची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवावयाचा म्हणजे दाबही चढवावा लागतो. त्यामुळे वेगाचा शेवटचा हिस्सा सर्वांत महाग. जो मनुष्य कमाल वेगातला पाचवा भाग सोडावयास तयार होतो, तो उष्णतेतला पाचव्या भागाहून कितीतरी अधिक हिस्सा वाचवितो. आता पुढचे. निवांत हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग, हवेहून एक अंश अधिक तापला असता, साधारण पाच ते दहा वॅट उष्णता सोडतो. आठ धरा. १० वॅट सोडावयाचे आणि पृष्ठभाग हवेपेक्षा ३० अंशांहून अधिक तापू द्यावयाचा नाही, तर सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर जागा लागते. वीतभर लांब आणि वीतभर रुंद पेटीचे नुसते झाकण तेवढे भरते. म्हणजे या मापाला उष्णता पसरविणारा हीटसिंक निराळा नको, पेटी हाच हीटसिंक. ६५ वॅटांना अशी सहा-साडेसहा झाकणे लागतील, आणि तेथे माझा छंद संपतो; त्या प्रांतात पंखाच हवा, याबद्दल माझी तक्रार नाही.

खरी कसोटी लागते ती चिपेपासून झाकणापर्यंतच्या वाटेवर. तलाठ्याच्या दप्तरातून निघालेला अर्ज जसा कलेक्टरापर्यंत पोहोचताना प्रत्येक टेबलावर थोडा थोडा अडतो, तशी उष्णता चिपेच्या कवचात, थर्मल पेस्टच्या थरात, तांब्याच्या ठोकळ्यात आणि ॲल्युमिनियमच्या भिंतीत अडत जाते. आणि प्रत्येक अडथळ्याची किंमत चिपेला काही अंशांनी मोजावी लागते. एका टेबलावरचा कारकून सुस्त असला की बाकीच्यांची तत्परता फुकट. पेस्टचा थर जाड झाला, ठोकळा किंचित तिरपा बसला, की सगळे मुसळ केरात. पेटीला पात्या हव्याच असतील तर त्या उभ्या आणि एकमेकींपासून आठदहा मिलिमीटर दूर असाव्या लागतात; पंख्यासाठी घडविलेला दाट पात्यांचा हीटसिंक नुसता ठेवला तर त्याच्या पोटातली हवा जागची हालत नाही. चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा ॲनोडाइझ केलेले बरे, कारण ते उष्णता किरणांच्या रूपाने अधिक फेकते. पुष्कळ लोक हे श्रेय काळ्या रंगाला देतात, ते वास्तविक त्या थराचे आहे.

आणि हिशेब अपुरा ठेवला म्हणजे काय होते, तेही पाहून ठेवा. २००८ साली इंटेलने ॲटम नावाचा प्रोसेसर काढला. त्याच्या उष्णतेचा आकडा अवघा ४ वॅट. आम्ही मंडळी हरखून गेलो. तो ज्या छोट्या मदरबोर्डावर बसवून विकला जाई, त्यावरच्या चिपसेटचा आकडा मात्र २२ वॅट होता; त्यामुळे प्रोसेसरच्या माथ्यावर साधा हीटसिंक आणि पंखा चिपसेटच्या माथ्यावर, असा उलटा संसार पाहावयास मिळाला. ज्याचे नाव पाटीवर त्याची काटकसर, आणि उधळपट्टी मागच्या दाराने.

संशयी : मागच्या दाराकडे तुम्हीच बोट दाखविलेत, हे बरे झाले, मी तेथेच उभा आहे. पण आधी झाकणाचा हिशेब पुरा करू. तुमच्या सगळ्या टेबलांचा मिळून अडथळा दर वॅटमागे ४ अंश धरला, तर १० वॅटांना चिप खोलीच्या हवेपेक्षा ४० अंश अधिक तापणार. महाबळेश्वरास खोली २५ अंश, चिप ६५, ठीक आहे. चंद्रपुरास मे महिन्यात बंद खोलीत ४२ अंश, म्हणजे चिप ८२. तुम्ही म्हणाल, चिपेची सहनशक्ती शंभर अंशांपर्यंत असते आणि तिच्यापलीकडे ती आपण होऊन वेग कमी करते. मान्य. पण तिचे शेजारी? त्याच बंद पेटीत कोंबलेल्या एसएसडीची मर्यादा बहुधा ७० अंशांची असते. आणि कपॅसिटरांविषयी कारागिरांचा जुना ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी चढले की आयुष्य निम्मे. पंखा असलेल्या पेटीत वारा या शेजाऱ्यांनाही लागतो. तुमच्या पेटीत श्रीमंताच्या उष्णतेचा सारा गरिबांनी भरावयाचा. जेथल्या भट्ट्यांत कोळसा जळून महाराष्ट्राच्या विजेचा एवढा मोठा वाटा निघतो, त्या चंद्रपुरातच वीज वाचविणारी ही पेटी उन्हाळ्यात धड जगू शकत नाही, हा विनोद मला सोडवत नाही. ती तेथे जगलीच तर छताच्या पंख्याच्या वाऱ्यावर जगेल, कारण थोडीशी हवा हालली तरी पृष्ठभागाची उष्णता सोडण्याची शक्ती पुष्कळ वाढते. तेव्हा पंखा तुम्ही काढलेला नाही. तो पेटीतून छतावर नेला आहे, आणि त्याचे बिल दुसऱ्या खात्यावर टाकले आहे.

याला एक मधला मार्ग आहे, ज्याचे नाव तुम्ही मघापासून कटाक्षाने टाळीत आहात. मोठा, १२ सेंटिमीटर व्यासाचा पंखा घ्यावा आणि तो अगदी मंद फिरवावा. पंख्याची गती निम्मी केली की वारा निम्मा होतो, पण त्याला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते आणि आवाज तर त्याहूनही झपाट्याने उतरतो. मिनिटाला चारपाचशे फेरे घेणारा असा पंखा एका वॅटच्याही आत फिरतो, हातभर अंतरावर ऐकू येत नाही, चिपेला आणि तिच्या शेजाऱ्यांना सारखाच वारा घालतो, आणि बिघडला तर काही शे रुपयांत नवा येतो. मग हट्ट कशाचा?

छांदिष्ट : या मुद्द्यावर मी पुष्कळसा निरुत्तर आहे, आणि ते कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. धूळ हे एक उत्तर देता येईल: ज्या पुण्यात दर गल्लीत एक वाडा पाडून इमारत उठते आहे, तेथे पंखा वाऱ्याबरोबर सिमेंटची पूडही आत ओढतो. कोकणात खारी दमट हवा आत खेळविण्यापेक्षा बंद, किंचित उबदार पेटी बरी, हे दुसरे. पण ही उत्तरे वकिली आहेत. जाळी बसविली आणि ती वेळच्या वेळी झटकली की त्यांचा जोर ओसरतो. माझी खरी हरकत अशी की, पंखा निर्णय लांबणीवर टाकण्याची मुभा देतो. पंखा असला म्हणजे आज १० वॅटांत होणारे काम उद्या २५ वॅट मागू लागले तरी कोणी हरकत घेत नाही, तो थोडा जोराने फिरतो इतकेच. परवा ४० मागितले तर मोठा पंखा येतो. २००४ च्या सुमारास मेजावरच्या संगणकांचे प्रोसेसर शंभर वॅटांची वेस ओलांडून गेले, ते असेच, एकेक पायरी चढत. पंख्याविनाच्या पेटीत प्रत्येक वाढीव वॅट अर्ज घेऊन समोर उभा राहतो आणि त्यावर फैसला द्यावा लागतो: हे काम मला हवे आहे का, आणि त्यासाठी मी दुसरे कोणते सोडणार?

संशयी : आता कोठे आपण मूळ प्रश्नापाशी आलो. फैसला देणारे तुम्ही कोण? पेटीचा आकार तुमच्या हाती, प्रोसेसरची निवड तुमच्या हाती. पण तिच्यात चालणारे सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या अमलाखाली आहे. यंत्रे वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर जड होत जाते, ही तक्रार निकलाउस विर्थ यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने १९९५ सालीच नोंदविली. तिच्यावर अद्याप कोणी कारवाई केल्याचे दिसत नाही. बँकेचे, रेल्वेचे, शाळेचे जे संकेतस्थळ आज तुमच्या पेटीत सुखाने उघडते, ते पाच वर्षांनी तिला घाम फोडील. तेव्हा तुमची अर्जफैसल्याची कचेरी चालू राहील, पण फर्माने बाहेरून येतील. मग नाइलाजाने पेटी बदलाल, आणि तिची घडणावळ पुन्हा पहिल्यापासून खर्ची पडेल. नाहीतर जड काम दुसऱ्याच्या यंत्राकडे पाठवाल. बहुतेक लोक आज तेच करतात आणि आपला मोबाइल किती शांत आहे म्हणून खूश असतात. तो शांत असतो कारण ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत त्याच्या वाट्याचे पंखे फिरत असतात आणि शीतयंत्रे धापा टाकीत असतात.

छांदिष्ट : हा आक्षेप माझ्या बाजूचा आहे, तुम्ही तो माझ्यावर उगारला आहे इतकेच! घरची छायाचित्रे घरच्या १० वॅटांच्या पेटीत ठेवणारा मनुष्य रबाळ्याच्या पंख्यावरचा आपला भार उतरवून स्वतःच्या मेजावर घेतो. तो आवाज परक्याच्या दारी टाकीत नाही, जे काम करावयाचे ते घरच्या उष्णतेत बसेल इतपतच करतो.

संशयी : आणि ऑगस्ट २०१९ सारखे कृष्णेचे पाणी सांगलीत पुन्हा घरात शिरले तर? पेटी आणि तिच्यातली आजोबांची ध्वनिमुद्रणे एकाच मेजावर बुडतील. एक नक्कल दूर कोठेतरी हवीच, आणि दूर म्हणजे बहुधा रबाळ्यालाच. शिवाय उलट बाजूने मोजा: तेथे एकच यंत्र हजारो घरांचे काम वाटून घेते, फारसे रिकामे बसत नाही, तुमची पेटी दिवसाचे तेवीस तास काही न करता १० वॅट खात बसते. दर कामामागे वीज मोजली तर कोण काटकसरी ठरेल, हे मी छातीठोकपणे सांगत नाही, पण तुम्हीही सांगू शकणार नाही.

छांदिष्ट : नाही सांगू शकत. नक्कल मी पुण्याच्या भावाकडे ठेवीन, त्याच्याही घरी अशीच एक पेटी बसवीन. म्हणजे दोन पेट्या झाल्या, वीस वॅट झाले, आणि तुमचा आक्षेप दुपटीने खरा झाला, हेही मला दिसते आहे. तरीदेखील दर कामामागे वीज मोजण्याच्या तुमच्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कामे किती व्हावीत हा प्रश्न आधीच सुटलेला आहे, आता ती फक्त स्वस्तात करावयाची आहेत. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाविषयी हेच दाखवून दिले होते, की एंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळत नाही, उलट एंजिनांची कामे वाढतात. रबाळ्याच्या यंत्राला कमाल मर्यादा नाही. माझ्या झाकणाला आहे.

संशयी : तुमच्या झाकणाला आहे हे खरे, पण तुमच्या घरात आणखी माणसे राहतात. धाकट्या मुलीला उद्या चित्रफितींचे संपादन शिकावयाचे असेल, तेव्हा ती मर्यादा तिने घातलेली नसेल, तुम्ही घातलेली असेल. नवी पेटी करावयास घ्याल तेव्हा पंख्यासाठी चार छिद्रे पाडून ठेवाल का, एवढेच मला सांगा.

छांदिष्ट : छिद्रे पाडीन, पंखा बसविणार नाही.

संशयी : मग तो बसवावयाची वेळ आली आहे की नाही, हे तुमच्या घरात कोण ठरविणार?